नाही केलं तर काय होईल?

माझ्या वडिलांना आणि मला कर्ज देणारे पुष्कळ भेटले. सोसायटी, जिल्हा बँक, खतवाला, अडत्या. कोणाचं किती देणं आहे ते वडिलांच्या वहीत लिहिलेलं असे आणि फिटलं की त्यावर आडवी रेघ पडे. एका माणसाचं देणं मात्र कुठल्याच वहीत बसलं नाही. त्यांनी वडिलांनी मागितलेल्या कर्जाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाला मंजुरी दिली होती. पुढे बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा बागायतदारांना एका मोठ्या कर्जाच्या वाटेवरून परत फिरवलं. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्यावर चिडलो होतो.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा खेड्यांकडे सरकल्या आणि शेतकीचे पदवीधर बँकांत अधिकारी म्हणून लागले. साहेब त्यांतले एक. रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी पुण्यात कृषी बँकिंग महाविद्यालय काढलं होतं. तिथं त्यांचं प्रशिक्षण झालं. तिथून त्यांनी एका पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. जागतिक बँकेच्या प्रशिक्षण संस्थेसाठी जे. प्राइस गिटिंजर यांनी लिहिलेलं ‘इकॉनॉमिक ॲनॅलिसिस ऑफ ॲग्रिकल्चरल प्रोजेक्ट्स’, 1972 सालचं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या तरी ती झेरॉक्स त्यांच्या बॅगेतून हलली नाही.

त्या पुस्तकातलं एक सूत्र साहेब आयुष्यभर वापरत आले. प्रकल्पाआधी काय होतं आणि नंतर काय झालं, अशी तुलना करायची नाही. प्रकल्प केला तर काय होईल आणि नाही केला तर काय होईल, अशी करायची. ऐकताना दोन्ही एकच वाटतं. पण बेदाण्याला यंदा दर चांगला मिळाला तर तो आपल्या नव्या शेडमुळं मिळाला, असं म्हणून आपण मोकळे होतो. शेड नसलेल्या शेजाऱ्यालाही तोच दर मिळालेला असतो.

आमचा भाग तासगावकडचा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात इथलीच. मी शाळेत होतो तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी द्राक्षबाग होती आणि ज्याच्या त्याच्या उरात पाण्याची धास्ती. आमच्या गावानं त्याआधी एका सहकारी उपसा सिंचन योजनेत हात पोळून घेतले होते. नदीवरून पाणी उचलायचं आणि माळावर आणायचं. चर, पाइप, मोटारी, जॅकवेल यांचा खर्च पैशापर्यंत मोजलेला होता. वीज किती लागेल, तिचा दर वाढला तर एकरी पाणीपट्टी किती पडेल आणि ती भरण्याइतकं पीक त्या रानात येईल का, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. योजना काही हंगाम चालली. मग बिल थकलं, मोटारी थांबल्या आणि पाणी न पोहोचलेल्या रानांच्या सातबाऱ्यावरही बोजा तेवढा राहिला. आमचाही सातबारा त्यांत होता.

हा प्रश्न आमच्या गावापुरता नव्हता. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या मोठ्या शासकीय योजनांनी सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात पाणी आणलं, बागा उभ्या केल्या, हे खरंच. पण त्यांचीही आवर्तनं वीजबिलाच्या थकबाकीपायी अडत राहिली. शेवटी बिलाचा 81 टक्के भार शासनानं आणि 19 टक्के लाभधारकांनी उचलायचा, असं सूत्र ठरवावं लागलं. बांधायचा खर्च एकदाच करावा लागतो, पाणी उचलायचा खर्च रोजचा असतो. कागदावरचा हिशोब बांधण्यापाशीच संपला तर पुढचं सगळं भांडणात जातं.

आमच्या गावची योजना बंद पडल्यानंतरच्या त्या दिवसांत वडील चार एकर थॉमसन द्राक्षं लावायची म्हणून बँकेत गेले. साहेब मोटारसायकलवरून रान बघायला आले. विहिरीची खोली दोर सोडून मोजली. मग आमच्या सोप्यात बसून त्यांनी रेघा मारलेल्या एका कागदावर दोन रकाने पाडले, बाग लावली तर आणि नाही लावली तर. दुसऱ्या रकान्यात आमचा शाळू, हरभरा आणि दोन म्हशींचं दूध आलं. वडिलांना ते अपमानासारखं वाटलं. “साहेब, त्यातनं बाहेर पडायचं म्हणूनच बाग लावायची हाय की.” साहेब म्हणाले, “बरोबर आहे. पण बाग बुडाली तर परत इथंच यायचं आहे. म्हणून हे आधी लिहायचं.”

मग मंडपाचे अँगल आणि तारा, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, दावण्या रोग आला तर फवारण्यांचा वाढीव खर्च, असं सगळं त्यांनी वडिलांकडूनच वदवून घेतलं. मंजुरी एका एकराची दिली. पुढच्या एकरासाठी अट तिथंच लिहिली: पहिल्या बागेचा हप्ता बागेच्याच पैशातून फिटला, तर. वडील महिनाभर धुमसत होते. पुढे एका हंगामात ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि मणी गळाले. एका एकराचा हप्ता आम्ही शाळू आणि दुधावर भरला. चार एकरांचा भरता आला नसता, एवढा हिशोब मला त्या वयातही जमत होता. बाग चार एकरांची झाली, पण कागदानं परवानगी दिली तशी, एकेक करून. तो कागद वडिलांनी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवला.

मी पुण्यात नोकरी करून गावी परतलो तोवर साहेब निवृत्त होऊन सांगलीत राहायला गेले होते. आमच्या भागातल्या बेदाणा उत्पादकांनी तेव्हा एक शेतकरी उत्पादक कंपनी काढली होती. नव्या कंपनीत नवरदेवासारखा उत्साह असतो, आमचाही होता. ठरलं की कोल्ड स्टोअरेज बांधायचं, 5,000 टनांचं. त्या वेळच्या फलोत्पादन अभियानाच्या नियमांत 5,000 टनांपर्यंतच्या शीतगृहाला खर्चाच्या 35 टक्के अनुदान होतं. टनाला 8,000 रुपये धरून 4 कोटी आणि त्याचे 1 कोटी 40 लाख. एवढा आकडा ऐकल्यावर सभेत कोणी दुसरं काही ऐकायला तयार नव्हतं. प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणाराही मिळाला. आकडे कसे ‘बसवायचे’ ते त्याला पाठ होतं; बँकेला कर्जफेडीचं गुणोत्तर किती लागतं ते आधी विचारून तो उलट्या दिशेनं नफा काढत येई.

तो रिपोर्ट घेऊन मी साहेबांकडे गेलो, खरं तर कौतुक करून घ्यायला. त्यांनी तो चाळला आणि विचारलं, “नाही बांधलं तर काय होईल?”

पुढच्या रविवारी संचालकांसमोर त्यांनी हाच प्रश्न टाकला. एक जण म्हणाला, “काय हुणार साहेब, आत्ता चाललंय तसंच चालंल.”

“आत्ता कसं चाललंय, तेवढं लिहा.”

लिहायला बसल्यावर गोष्टी उघड्या पडत गेल्या. आमच्यातले बहुतेक जण नागज-जुनोनीच्या माळावरच्या शेडवर बेदाणा करायचे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, रॅकवर पसरायचे, वाळला की पेट्या भरून तासगाव, सांगली किंवा मिरजेच्या कोल्ड स्टोअरेजला ठेवायच्या. थंडीत हिरव्या मालाचा रंग टिकतो. पेटीमागे दर महिन्याला भाडं बसायचं. जागा नाही म्हणून पेट्या परत आणल्याचं कोणालाच आठवेना.

मग साहेबांनी फळ्यावर साधं गणित मांडलं. 5,000 टन म्हणजे 15 किलोच्या सव्वातीन लाखांहून जास्त पेट्या. एक किलो बेदाण्याला सुमारे चार किलो द्राक्षं लागतात, म्हणजे 20,000 टन द्राक्षं. एकरी 10 टन धरले तर 2,000 एकर. “तुमच्या सभासदांची मिळून बाग किती?” त्याच्या पाव हिश्शाच्या आसपासही आम्ही नव्हतो. “म्हणजे उरलेल्या खोल्या दुसऱ्यांच्या मालानं भरायच्या. तो माल आज ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी भाड्याची चढाओढ करायची. आणि खोली अर्धी भरली तरी अमोनियाचा कॉम्प्रेसर अर्ध्या बिलावर चालत नाही.”

कोणीतरी अनुदानाचं काढलंच. साहेबांनी समजावलं की हे अनुदान कर्जाला जोडलेलं आणि मागाहून जमा होणारं. आधी बँकेचं कर्ज, आधी स्वतःचा वाटा, आधी बांधकाम. आणि मग एक वाक्य बोलले: “अनुदानानं चांगला प्रकल्प स्वस्त होतो. वाईट प्रकल्प चांगला होत नाही.”

सभेत अर्धे लोक गप्प आणि अर्धे नाराज होते. माझ्याही मनात आलं की निवृत्त माणसाला धाडस सोसत नाही. पण साहेब उठून गेले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जागेची अडचण नाही, तर पैसा जातो कुठं?

तो दोन ठिकाणी जात होता. पहिलं, बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो आणि मागणी चढते ती सणासुदीला. पीककर्जाची मुदत आणि औषधवाल्याची उधारी मात्र मार्चपासूनच दारात उभी. म्हणून आम्ही घाईनं विकत होतो. दुसरं, आमचा माल न निवडता जायचा. चांगला, मध्यम, काळपट, सगळा एकाच राशीत. सौद्यात दर लागतो तो राशीतल्या वाईट मण्याकडे बघून.

पहिल्या गळतीवर उपाय आधीच अस्तित्वात होता. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणाही येत होता. बाजार समितीकडे माल तारण ठेवायचा, किमतीच्या काही हिश्शाइतकी रक्कम 6 टक्क्यांनी 180 दिवसांसाठी उचलायची आणि दर आल्यावर विकायचा. त्यासाठी स्वतःच्या भिंती लागत नव्हत्या. दुसऱ्या गळतीसाठी धुणं, देठ काढणं आणि आकारानं प्रतवारी करणं एवढी यंत्रणा आणि निवडणीची टेबलं पुरत होती. चार कोटींचा प्रकल्प काही लाखांवर आला. छातीठोक बोलणाऱ्यांचा विरस झाला, पण कागद उभा राहिला.

त्या कागदाविषयी सांगितलंच पाहिजे, कारण ऋण आहे ते त्याचंच. कामाच्या जगात त्याला ‘बिझनेस केस’ म्हणतात, हे मला पुण्याच्या नोकरीतून माहीत होतं. तिथं मी ती मंजुरीच्या दिवशी झळकताना आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जाताना पाहिली होती. साहेबांची केस मंजुरीनंतर कामाला लागायची.

आधी अडचण काय ती एका परिच्छेदात. मग पर्याय, त्यांत ‘काहीच न करणं’ हा पहिला. प्रत्येक पर्यायाचा बांधायचा खर्च वेगळा आणि चालवायचा वेगळा. मग फायदे, आणि प्रत्येक फायद्यापुढे एका माणसाचं नाव आणि तो फायदा मोजायचा महिना. “ज्याला धनी नाही तो फायदा धरायचा नाही,” असा त्यांचा नियम. त्यानंतर खर्च 10 टक्के वाढला तर, उत्पन्न 10 टक्के घटलं तर, आणि दोन्ही एकदम झालं तर काय, याचे आकडे. अवकाळी पावसाला स्वतंत्र ओळ. मग थांबायच्या अटी: सभासदांचं भागभांडवल ठरल्या रकमेपर्यंत जमलं नाही, यंत्राचं किंवा शेडचं कोटेशन अंदाजाहून 10 टक्क्यांपेक्षा जास्त वर गेलं, पहिल्या हंगामात ठरलेल्या निम्म्याही पेट्या प्रतवारीला आल्या नाहीत, तर पुढचा पैसा घालायचा नाही, आधी बसायचं. आणि शेवटचा रकाना, ‘याचा तोटा कोणाला?’

या अटी आम्ही हुरूप असताना लिहिल्या, हे फार कामाला आलं. अडचण आल्यावर लिहायला बसलो असतो तर प्रत्येकानं आपल्या सोयीची लिहिली असती. लोखंडाचे भाव चढले आणि निवडणीच्या शेडचं कोटेशन मर्यादेबाहेर गेलं, तेव्हा ठेकेदाराशी वाद घालायच्या आधी आम्ही कागद उघडला आणि फरशीचं आवार निम्मं केलं. मधेच एका संचालकाला कल्पना सुचली: शेडवर एक मजला चढवू, ऑफिस होईल, लग्नकार्याला हॉल भाड्यानं देता येईल. सभेत माना डोलायला लागल्या. साहेब कोपऱ्यातून म्हणाले, “बांधा की. फक्त या कागदातली कुठली अडचण त्यानं सुटते ती ओळ दाखवा.” ओळ सापडली नाही. मजला झाला नाही. तो संचालक मला आजही म्हणतो, हॉल भरपूर चालला असता. चाललाही असता. पण मग आम्ही बेदाण्याची कंपनी उरलो नसतो.

फायदा मोजायची त्यांची रीत मला सगळ्यांत जास्त आवडली. दर हंगामात काही पेट्या मुद्दाम न निवडता ठेवायच्या आणि निवडलेल्या मालाबरोबर, त्याच दिवशी, त्याच सौद्याला लावायच्या. विक्रीच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की प्रतवारीनं नेमकं किती दिलं ते दिसतं. बाजार चढला होता की पडला होता, याचा घोळ राहत नाही. पुण्याहून आणलेल्या झेरॉक्समधलं सूत्र अशा रीतीनं तासगावच्या सौद्यात उतरलं. पहिल्या हंगामात वरच्या प्रतीला अपेक्षेहून जास्त फरक मिळाला आणि मधल्या प्रतीला जवळजवळ काहीच नाही. ज्याच्या नावापुढे तो फायदा होता त्यानं सभेत तसं वाचून दाखवलं. कोणी त्याला धारेवर धरलं नाही, कारण आकडा आधीच कागदावर होता. पुढच्या वर्षी मधली प्रत निवडायचा खर्च आम्ही बंद केला.

फीचं विचारलं तर साहेब हसले. म्हणाले, “हा कागद कुलपात ठेवू नका. कोणी मागितला तर द्या. चुकलेले आकडेसुद्धा.” तेव्हापासून शेजारच्या तालुक्यांतले गट येतात आणि आम्ही तो देतो, खाडाखोडीसकट.

साहेब जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यामागे आमच्यासमोर जो प्रश्न आला तो त्या शेवटच्या रकान्यातला आहे. निवडणीच्या टेबलांवर आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका बसतात. हंगामात त्यांचा रोज ठरलेला असतो. रंगानुसार मणी वेगळा करणारं यंत्र आता आमच्या आवाक्यात आलं आहे. कंपनीच्या हिशोबात ते चोख बसतं. मजुरी वाचते, माल झपाट्यानं निघतो, आणि 10 टक्क्यांच्या कसोट्यांनाही ते उतरतं. पण ज्याला कंपनी मजुरीचा खर्च म्हणते, तीच त्या घरांची मिळकत आहे. साहेबांनी हे फार पूर्वी मला समजावलं होतं. गिटिंजर यांच्या पुस्तकात एका संस्थेचा हिशोब वेगळा आणि सबंध समाजाचा वेगळा धरतात. एकाच्या वहीतला खर्च दुसऱ्याच्या वहीत जमा असतो. प्रकल्पाचं समर्थन करताना कोणाची वही उघडली आहे ते आधी सांगायचं.

गेल्या सभेत यंत्राचा विषय निघाला तेव्हा मी कागद काढला आणि ‘तोटा कोणाला?’ हा रकाना वाचला. एरवी तो आम्हीच भरत आलो होतो. या वेळी निवडणीच्या बायकांना बोलावलं. त्या सभेत बसल्या, आधी काही बोलेनात. मग त्यांतल्या वयस्कर मावशी म्हणाल्या, “मशीन आणू नका असं आम्ही म्हणत न्हाई. डोळं जात्यात त्या कामानं. पर हंगाम सरला की आमाला काय, ते लिवा की तिथं.” त्यांचं मागणं असं की यंत्र आलं तर ते चालवायला त्यांच्यातल्या पोरी शिकतील, आणि छोट्या पाकिटांचं भरण वर्षभर कंपनीनं त्यांनाच द्यावं.

पाकिटांचा धंदा आमच्या कागदात नव्हता. तो घातला की खर्च वाढतो, विक्रीची नवी जोखीम येते आणि यंत्राचं चोख गणित ढिलं पडतं. दोन रात्री बसून मी ते पुन्हा मांडलं. काही अंदाजांवर जमतं, काहींवर जमत नाही. पाकिटं विकणार कोण, या फायद्याचा धनी अजून ठरलेला नाही, आणि धनी नसलेला फायदा धरायचा नाही हा नियम मोडायची माझी तयारी नाही. मावशींचं म्हणणं वगळून गणित पुरं करायचीही नाही. म्हणून सभेनं यंत्राची ऑर्डर पुढच्या हंगामापर्यंत थांबवली आहे. तोवर थोडी पाकिटं हातानं भरून, खुल्या पेटीच्या दराशेजारी ठेवून बघायची. हे काम मावशींनी स्वतःकडे घेतलं आहे, आणि मोजायचा महिना त्यांच्या नावापुढे लिहिला आहे.